धुराड्याला अस्तर

सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम 137 किलोमीटरवर. इथली थंडी म्हणजे डिसेंबरात दोन दिवस पाऊस लागून पारा 24 वर आला की बायका शाली काढतात ती, नाहीतर एमआरटीतल्या एसीची. अशा गावात राहून आम्ही घरातल्या धुराड्यावर लेख लिहावा, म्हणजे वाळवंटात बसून होडीला डांबर फासण्यासारखंच झालं. पण मंडळी, विषय आम्ही शोधला नाही, तो लीड्सहून फोनवर चालत आला.

आमच्या मामेभावाने तिथे घर घेतलं. 1900 च्या आसपासचं, लाल विटांचं, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लावून उभं. दिवाणखान्यात जुनी शेकोटीची जागा आहे, मधल्या काळात कुणीतरी फळी ठोकून बंद केलेली. फळी काढली तर आत छान विटांचा कोनाडा आणि वर काळोख. भावाचा उत्साह फोनमधून ओसंडत होता. "दादा, तू इंजिनियर ना? लाकडाचा स्टोव्ह आणलाय. धुराडं आयतंच आहे. शनिवारी पेटवून बघू म्हणतो!"

एरवी आम्ही त्याची थट्टा केली असती. त्या दिवशी मात्र आमच्या आधी सौ.नेच फोन हिसकावला. "पेटवायचं नाही. आधी तपासून घे. वहिनीची शपथ आहे." भाऊ गप्प झाला. त्याला कारण माहीत नव्हतं. आम्ही ते फारसं कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून इथे सांगतो.

सप्टेंबर 2004 मध्ये आम्ही दोघं लीड्सला गेलो, आम्ही एम.एस्सी.ला आणि सौ. नव्या संसाराला. कर्ज काढून गेलेल्यांना परवडेल तशी एका जुन्या घराच्या पहिल्या मजल्यावरची खोली मिळाली. जुन्या शेकोटीच्या तोंडाशी गॅसचा हीटर बसवलेला होता. जानेवारीत बाहेर बर्फ पडू लागलं, तशा आम्ही खिडकीच्या फटी वर्तमानपत्राने बुजवल्या आणि हीटर रात्रंदिवस चालू ठेवला. ज्योत पिवळी दिसायची. आम्हाला वाटायचं, काय ऊबदार रंग आहे!

मग डोकेदुखी सुरू झाली, दोघांचीही. मळमळ, थकवा. डॉक्टर म्हणाले, फ्लू. गंमत म्हणजे लायब्ररीत गेलं की बरं वाटायचं. आम्ही त्याचं श्रेय अभ्यासाला दिलं! एका शनिवारी दुपारी आम्ही बाजारातून आलो तर सौ. झोपलेली. हाक मारली, हलवलं, तरी नीट जागी होईना. आम्ही जिन्यातून आरडाओरडा केला. खालच्या खोलीतले म्हातारे गृहस्थ वर आले. यॉर्कशरच्या कोळशाच्या खाणीत उमेद घालवलेला माणूस. त्यांनी दारातूनच हीटरची पिवळी ज्योत पाहिली, त्यावरच्या भिंतीवरचा काजळीचा डाग पाहिला, आणि एक शब्द न बोलता गॅस बंद करून खिडकी धाडकन उघडली. मग दोघांनी मिळून तिला उचलून बाहेरच्या पायरीवर बसवलं. अंगावर कोट, डोक्यावर बर्फ. नंतर ॲम्ब्युलन्स, इस्पितळ, कित्येक तास प्राणवायूचा मास्क. ती वाचली.

तो कार्बन मोनॉक्साइड होता. रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटणारा. आजोबा नंतर म्हणाले, खाणीत आम्ही पिंजऱ्यातला कॅनरी पक्षी न्यायचो, तो आमच्या आधी कोसळायचा. ब्रिटनच्या खाणींतून हे पक्षी काढायचं ठरलं ते 1986 च्या अखेरीस, म्हणजे फार जुनी गोष्ट नव्हे. हीटर उचकटल्यावर मागच्या धुराड्यातून घमेलंभर ढासळलेला चुना आणि पक्ष्याच्या घरट्याच्या काटक्या निघाल्या. धूर जायला वाटच नव्हती. धुराड्यातल्या त्या पोकळ वाटेलाही इंग्रज लोक 'फ्लू'च म्हणतात. तेव्हा डॉक्टरांचं निदान एका परीने बरोबरच होतं!

असो. तर फोन झाल्यावर जेवताना हा विषय निघाला आणि आमच्या धाकटीने विचारलं, "बाबा, चिमणी म्हणजे सांताक्लॉज येतो तीच ना? मग आपल्याकडे तो कुठून येतो? रबिश शूटमधून?"

आम्ही हसलो, पण पोरीचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. आमची एचडीबीची इमारत जुनी, 1989 च्या आधीची. त्यामुळे कचऱ्याच्या शूटचं झाकण आमच्या स्वयंपाकघरातच आहे. तळमजल्यापासून छपरापर्यंत गेलेली ती उभी पोकळी हे एक धुराडंच. खालून कुणी जळतं थोटूक टाकलं की धूर वर सरकतो आणि ज्याचं झाकण नीट बसत नाही त्याच्या स्वयंपाकघरात शिरतो. सिंगापुरातल्या घरगुती आगींत या शूटमधल्या कचऱ्याच्या आगी नेहमीच्या आहेत. शिवाय तळमजल्यावरच्या कॉफीशॉपचा इमारतीच्या अंगाला चिकटून छपरापर्यंत चढलेला पत्र्याचा चौकोनी नळ? तोही धुराडंच. त्यात काजळीऐवजी तेलाचा थर बसतो, आणि साफ केला नाही तर तो थरच पेटतो. म्हणजे चिमण्या आहेत, फक्त आपण त्यांना त्या नावाने ओळखत नाही. तेव्हा ठरलं, या रविवारी पोरांना खरीखुरी धुराडी दाखवायची.

सकाळी नील रोडच्या मागच्या गल्ल्यांत गेलो. पुढून ही शॉपहाउसं टाइल्स आणि रंगीत झडपांनी नटलेली, पण घराचा खरा स्वभाव मागच्या दाराशी कळतो. अरुंद आणि लांबच लांब घर, मध्ये आकाशाला उघडा चौक, सगळ्यात मागे स्वयंपाकघर. आपल्याकडच्या वाड्याच्या चौकाचीच आठवण यावी. उजेड, वारा आणि पाऊस चौकातून आत यायचा, धूर चौकातून आणि मागून बाहेर जायचा. एका मागच्या छपरावर बुटकं विटांचं धुराडं दिसलं तेव्हा धाकटीने टाळ्या पिटल्या.

पण ही व्यवस्था घरात एक कुटुंब राहत असेल तरच चालायची. पुढे एकेका घरात डझनावारी माणसं राहू लागली, खोल्यांच्या बिनखिडकीच्या खुराड्या झाल्या, चौक झाकले गेले. 1907 मध्ये डॉ. सिम्पसन यांनी सिंगापूरच्या आरोग्यावर अहवाल दिला. हे गृहस्थ आधी कलकत्त्याचे आरोग्याधिकारी होते. त्यांनी सांगितलं, घरांच्या पाठी भिडलेल्या आहेत त्या मोकळ्या करा, मागे गल्ल्या पाडा. आज आपण ज्या गल्ल्यांत उभं राहून फोटो काढतो त्यांच्यामागे हा कोंडलेल्या हवेचा इतिहास आहे.

आमच्या शेजारच्या आंटींचं बालपण चायनाटाउनातल्या अशाच एका घरात गेलं. एका स्वयंपाकघरात पाच कुटुंबांच्या पाच शेगड्या. भिंत इतकी काळी की बोटाने चित्र काढता यायचं. चिनी नववर्षाच्या आधी त्यांची आई चुलीवरच्या देवाच्या चित्राच्या ओठांना गोड चिकट काहीतरी लावायची आणि मग चित्र जाळायची. धुराबरोबर देव वर जातो आणि वर्षभराचा अहवाल स्वर्गात देतो. तोंड गोड असलं की गोडच बोलणार! आंटी हसून म्हणाल्या, "पण बाई, आमच्याकडे धूरच वर जात नव्हता. देव कसा गेला असेल कोण जाणे."

दुपारी जुरॉंगला, लोरोंग तावासला गेलो. तिथे 'थाऊ क्वांग' या कुंभारकामाच्या जागी 1940 सालची ड्रॅगन भट्टी आहे. सिंगापुरात अशा दोनच उरल्या. विटांची लांबलचक कमान, टेकाडाच्या उतारावर पडलेल्या अजगरासारखी. खाली तोंड, तिथे जाळ. वर शेपटीला धुराडं. पूर्वी इथे रबराचा चीक गोळा करायच्या वाट्या आणि ऑर्किडच्या कुंड्या भाजत.

भट्टी निवलेली होती, म्हणून आत वाकून जाता आलं. थोरल्याने विचारलं, "पंखा कुठाय?" तर पंखा नाही. गरम हवा हलकी, ती वर चढते. तिच्या मागे पोकळी होते, म्हणून खालून गार हवा ओढली जाते. धुराडं जितकं उंच आणि आतल्या-बाहेरच्या तापमानात जितका फरक जास्त, तितकी ही ओढ मोठी. धुराडं म्हणजे नुसतं छपराला पाडलेलं भोक नव्हे, ते न फिरणारं पातं असलेला पंखा आहे. आतली हवा मध्येच गार झाली की पंखा मंदावतो, आणि वाट बुजली की उलटा फिरतो.

आणि आतल्या विटांवर हात फिरवला तर त्या गुळगुळीत! काचेसारखा हिरवट-तपकिरी थर. इतक्या वर्षांत लाकडाची राख उडून 1200 अंशांच्या वरच्या उष्णतेत विटांवरच वितळली आणि तिची झिलई झाली. भट्टीने आपलं अस्तर आपणच तयार केलं होतं. आम्हाला तिथेच लीड्सचं धुराडं आठवलं. घरातल्या शेकोटीची उष्णता एवढी नसते. तिथे धूर वर जाता जाता गार होतो, त्यातली वाफ आणि डांबर विटांवर बसतं. राखेची काच होत नाही, धुराचं डांबर होतं. हे डांबर एक दिवस पेटतं, आणि त्याआधी त्यातलं आम्ल विटांमधला चुना खात राहतं.

जुन्या इंग्रजी धुराड्यांना अस्तर नव्हतंच असं नाही, आणि ते कशाचं होतं ऐकून आपल्या आज्या खूष झाल्या असत्या. गवंडी चुन्यात गाईचं शेण कालवून आतून गिलावा करत! शेणामुळे गिलावा लवचीक राहतो, तापला-निवला तरी चटकन तडकत नाही. साहेबाच्या घरात शेणाने सारवलेलं धुराडं. पण शंभर वर्षं धूर खाऊन तो गिलावा पापुद्रे होऊन गळतो. मग उरतात उघड्या विटा, मधल्या फटी आणि दोन धुराड्यांमधली अर्ध्या विटेची भिंत. त्या फटींतून वायू वरच्या बेडरूममध्ये जातो, कधी शेजाऱ्याच्याही. म्हणून ब्रिटनमध्ये 1965 च्या इमारत नियमांपासून नव्या धुराड्यांना अस्तर सक्तीचं झालं. त्याआधीचं घर असेल तर अस्तर नाहीच असं धरून चालावं.

आमच्या आजीच्या कोकणातल्या स्वयंपाकघरात तर धुराडंही नव्हतं. धूर कौलांच्या फटींतून जाईल तसा जायचा, आजीचे डोळे कायम लाल. आमच्या लहानपणी एका योजनेतून बिनधुराची चूल आली, सिमेंटच्या नळीसकट. पहिलं वर्ष आजी शेजारणींना बोलावून दाखवायची. पण नळीतली काजळी काढायला हवी हे घरात कुणाच्या ध्यानातच आलं नाही, पुरुष माणसांच्या तर नाहीच. दोन पावसाळ्यांत नळी बुजली आणि धूर दुप्पट होऊन परत आला. आजीने ती चूल फोडली. "धुराला वाट दिलीत, पण वाट झाडणार कोण?" हा तिचा प्रश्न. पुढे दोन देशांतल्या पदव्या घेऊनही आम्हाला याहून नेमकं वाक्य सुचलेलं नाही.

रात्री घरी येऊन भावाला लांबलचक ईमेल लिहिली. ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी सारांश देतो.

पहिलं, हे काम स्वतः करायचं नाही. लाकूड-कोळशाच्या कामाला तिथे 'हेटास'कडे नोंदलेला माणूस, गॅसला 'गॅस सेफ'कडे नोंदलेला. काम झाल्यावर प्रमाणपत्र मागून घ्यायचं. दुसरं, अस्तराआधी धुराडं झाडून घ्यायचं, नाहीतर जुनं डांबर अस्तराच्या मागे कोंडतं. आत कॅमेरा सोडून बघायचं आणि धुराची चाचणी घ्यायची. खाली धुराची वडी पेटवतात, वरचं तोंड बंद करतात आणि वरच्या खोल्यांत, माळ्यावर, शेजाऱ्याकडेही धूर झिरपतो का ते पाहतात.

तिसरं, अस्तर इंधनाप्रमाणे. गॅसला एकपदरी स्टीलची लवचीक नळी चालते. लाकडाला मात्र दुपदरी, आतून गुळगुळीत, 316 किंवा त्याहून वरच्या जातीचं स्टेनलेस स्टील लागतं. गॅससाठी कधीकाळी घातलेली नळी आयती आहे म्हणून तिला लाकडाचा स्टोव्ह जोडायचा नाही. नळी वरून खालपर्यंत सलग, मध्ये सांधा नाही. तिच्यावर धुराच्या दिशेचा बाण छापलेला असतो, तो वरच हवा. हे वाटतं क्षुल्लक, पण नळी उलटी बसली तर आत जमणारं पाणी आणि डांबर तिच्या पदरांत शिरतं. मातीच्या नळ्यांचं अस्तर असेल तरी तोच न्याय, प्रत्येक नळीचं रुंद तोंड वर. आपण कौलं घालतो ती पाणी बाहेर राहावं म्हणून. इथे पाणी आतच राहावं, विटांपर्यंत पोहोचू नये, म्हणून हिशेब उलटा.

चौथं, नळी आणि विटांमधली जागा व्हर्मिक्युलाइटसारख्या हलक्या दाण्यांनी भरली तर धूर गरम राहतो आणि ओढ टिकते. वर टोपी, म्हणजे पाऊस आणि पक्षी नकोत. पाचवं, बाहेर जाणाऱ्या हवेइतकी हवा आत यायला हवी. पाच किलोवॉटच्या वरच्या स्टोव्हला खोलीत बाहेरच्या हवेची कायमची जाळी लागते, आणि ती थंडीत चिंधी कोंबून बुजवायची नाही. सहावं, कोरडंच लाकूड, दरवर्षी सफाई. आणि सातवं, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. इंग्लंडमध्ये 2010 पासून नवा लाकूड-कोळशाचा स्टोव्ह बसवताना तो सक्तीचा आहे. सक्ती नसती तरी लावला असता.

ईमेल पाठवून आम्ही मोठ्या समाधानाने पाठ टेकली, तर सौ. म्हणाली, "सगळं लिहिलंत. 2013 चं लिहिलंत का?"

नव्हतं लिहिलं. जून 2013 चा हेझ जुन्या सिंगापूरकरांना आठवत असेल. सुमात्रातल्या आगींचा धूर इथे आला आणि 21 जूनला दुपारी पीएसआय 401 वर गेला. दुकानांतले मास्क संपले, समोरची इमारत दिसेना. थोरला तेव्हा तान्हा होता. आम्ही त्याच्या काळजीने घराच्या एकूण एक फटी चिकटपट्टीने बंद केल्या, सर्व्हिस यार्डची खिडकीसुद्धा. आणि त्याच यार्डात आमचा गॅसचा गिझर! आत दोन शेगड्यांवर स्वयंपाक चालू, गिझर चालू, बाहेरची हवा शून्य. संध्याकाळी डोकं जड झालं. आम्ही म्हणालो, हेझ. सौ. एकदम उठली आणि यार्डात जाऊन चिकटपट्टी टराटरा फाडली. "बाहेरचा धूर दिसतो तरी. आतल्याचं काय?"

त्या दिवशी घरात खरोखर विषारी वायू किती साठला होता, हे सांगायला आमच्याकडे मोजायचं साधन नव्हतं. डोकं हेझनेही दुखलं असेल. पण लीड्सच्या खोलीत वर्तमानपत्रं कोंबणारा इंजिनियर आठ वर्षांनी सिंगापुरात चिकटपट्टी लावत होता, आणि दोन्ही वेळा हेतू चांगलाच होता. थंडी बाहेर ठेवायची होती, नाहीतर धूर. धुराड्याचं शास्त्र आम्हाला पाठ होतं. आपल्या घराला ते लागू आहे, हे मात्र दोनदा दुसऱ्याने सांगावं लागलं.

पुढे घराचं काम काढलं तेव्हा यार्डला काचेच्या सरकत्या खिडक्या लावून ते कायमचं बंद करायची सूचना आली. दिसायला देखणं होतं. आम्ही आधी गिझर विजेचा करून घेतला, मगच काचा लावल्या.

गेल्या महिन्यात भावाचा फोटो आला. अस्तर बसलंय. खर्च ऐकून त्याला घाम फुटला, पण तपासणीत कळलं की वरच्या बेडरूममागे धुराड्याच्या विटा निसटल्या होत्या, आणि त्या खोलीत त्याची मुलगी झोपते. शनिवारी पेटवला असता तर, हे वाक्य त्याने अर्धंच सोडलं. फोटोत स्टोव्ह पेटलेला आहे आणि कपाटावर छोटा पांढरा अलार्म.

आपल्या मंडळातल्या किती घरांतली मुलं दर सप्टेंबरला इंग्लंडला शिकायला जातात! बॅगेत मेतकूट, लोणचं, कुकर, गादीखाली पैसे कसे ठेवायचे याच्या सूचना, सगळं जातं. त्यात ईएन 50291 असा शिक्का असलेला एक कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म टाका. हाताच्या पंजाएवढा असतो, लोणच्याच्या बरणीपेक्षा हलका. आणि पोराला सांगा, डोकं दुखतंय, घरातल्या सगळ्यांचंच दुखतंय, आणि बाहेर गेलं की थांबतंय, तर तो फ्लू नव्हे. आधी खिडकी उघड, गॅस बंद कर, बाहेर जा, आणि मग आईला फोन कर.